वस्तीतला रस्ता सुरक्षित करून घ्यायचाय? नगरपालिकेला निवेदन देणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गाड्या सुसाट जातात, मुलांना रस्ता ओलांडून द्यायला रोज कोणीतरी मोठं माणूस लागतं, कोपऱ्यावर उभ्या गाड्यांमुळे पलीकडचं काही दिसत नाही. अशा तक्रारी घेऊन रहिवासी एकत्र आले की पुढचे प्रश्न हमखास निघतात. नियम, समित्यांची नावं आणि अर्जाचे नमुने ठिकाणागणिक बदलतात; ते आपापल्या कार्यालयात विचारून घ्यावेत. बाकीचं बरंचसं सगळीकडे सारखंच असतं.

निवेदन कोणाच्या नावे द्यायचं?

रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या. ऐकायला सोपं वाटतं, पण डांबर आणि पदपथ एका खात्याकडे, पट्टे आणि फलक दुसऱ्याकडे, वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार तिसऱ्याकडे आणि दंड करणारे पोलीस चौथेच, असा प्रकार असतो. वस्तीच्या पोटातून जाणारा मोठा रस्ता तर पुष्कळदा नगरपालिकेचा नसतोच, वरच्या यंत्रणेचा असतो. म्हणून सह्या गोळा करायच्या आधी एक साधं पत्र द्या: 'अमुक चौकापासून तमुक चौकापर्यंतचा रस्ता कोणाच्या अखत्यारीत येतो?' लेखी उत्तर हातात आलं की निवेदन त्या अधिकाऱ्याच्या नावे करा आणि बाकीच्यांना 'प्रत माहितीसाठी' म्हणून पाठवा. चुकीच्या टेबलावर गेलेलं निवेदन योग्य टेबलावर आपोआप जात नाही, तिथेच पडून राहतं.

सह्या किती लागतात?

काही ठिकाणी ठरावीक संख्येच्या वर सह्या गेल्या की विषय सभेपुढे घेणं बंधनकारक असतं. तुमच्याकडे तसा नियम असेल तर तो आकडा गाठाच. तसा नियम नसेल तर संख्येच्या मागे फार धावू नका. त्या रस्त्यावरच्या चाळीस घरांपैकी पस्तीस घरांनी सही केली असेल तर ती गावभरातून आणलेल्या हजार सह्यांपेक्षा वजनदार ठरते. अधिकाऱ्याला पहिल्यांदा हेच बघायचं असतं की रस्त्यावर राहणाऱ्यांनाच हे हवंय का.

दोन गोष्टी सांभाळा. सह्यांच्या प्रत्येक पानावर वर मागणीचा मजकूर छापलेला असू द्या. नाहीतर 'लोकांनी कोऱ्या कागदावर सह्या केल्या' हा आक्षेप यायला वेळ लागत नाही. आणि घरातल्या सगळ्यांच्या सह्या एकाच माणसाने ठोकू नयेत. एका पानावर एकाच वळणाच्या सात सह्या दिसल्या की संशय अख्ख्या गठ्ठ्यावर येतो. सहीपुढे 'या रस्त्याशी संबंध' असा रकाना ठेवला तर फार उपयोगी पडतो: राहतो, मूल शाळेत जातं, दुकान आहे, रोज पायी येतो.

ऑनलाइन सह्या चालतात का?

तुमच्या कार्यालयाची स्वतःची ऑनलाइन सोय असेल तर जरूर वापरा. इतर संकेतस्थळांवरच्या सह्या कार्यालय मोजेलच असं नाही. त्या वातावरण तापवायला ठीक. घरोघर जाण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. दारात उभं राहून बोलताना कोणाचा विरोध आहे आणि का आहे ते कळतं, आणि ते सभेत कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

निवेदनात लिहायचं काय?

एक पान, फार तर दीड. जागा नेमकी, त्रास नेमका, पुरावा सोबत आणि मागणी एका वाक्यात. प्रशासनाच्या निष्क्रियतेवर दोन परिच्छेद लिहायचा मोह होतो, पण ज्याने काम करायचं आहे त्यालाच पहिल्या ओळीत आरोपी केलं तर तो बचावाची तयारी करतो, कामाची नाही. नमुना असा (आकडे आपल्या मोजणीचे घालावेत):

'विषय: शाळेच्या मागील फाटकापासून पाण्याच्या टाकीच्या चौकापर्यंतच्या रस्त्यावरील वाहनांचा वेग कमी करण्याबाबत.

महोदय/महोदया, सदर रस्ता अंदाजे ३०० मीटर लांब व सरळ असून त्यावर एकही क्रॉसिंग नाही. शाळा भरण्याच्या वेळी आम्ही केलेल्या मोजणीत १०० पैकी ६२ वाहने ताशी ४० किमीपेक्षा अधिक वेगाने गेली. मोजणीचा तक्ता, छायाचित्रे व नकाशा सोबत जोडला आहे. या रस्त्यावर वाहनांचा वेग ताशी ३० किमीच्या आत राहील अशी रचना करावी व त्याकरिता रहिवाशांसमवेत स्थळपाहणी करावी, ही विनंती.'

स्थळपाहणीची मागणी विसरू नका. मोठं काम मंजूर व्हायला काळ लागतो, पण पाहणीला नाही म्हणणं अवघड असतं. पाहणीची वेळ मात्र तुम्ही सुचवा. दुपारी बारा वाजता शाळेसमोरचा रस्ता अगदी साधाभोळा दिसतो.

सरळ 'गतिरोधक बसवा' असंच मागितलं तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही, पण बाजू कमकुवत होते. तुम्ही एक विशिष्ट वस्तू मागता आणि कार्यालय उत्तर देतं, 'सदर ठिकाण गतिरोधकाच्या निकषात बसत नाही.' फाइल बंद. वेग कमी करा अशी मागणी असेल तर 'नाही' म्हणणाऱ्याला सांगावं लागतं की मग कसा करणार. माझं तर स्पष्ट मत आहे: परिणाम मागा, उपाय त्यांना सुचवू द्या, आणि सुचवलेला उपाय पटला नाही तर त्यावर बोला.

गतिरोधकाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण मागणी त्याचीच सर्वांत जास्त. नोबेल पारितोषिक मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ साली आपल्या विद्यापीठाच्या आवारात गाड्या हळू जाव्यात म्हणून असे उंचवटे आखले होते. पुढे १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये रस्ते संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेने मोजूनमापून गोलाकार माथ्याचा, जवळपास पावणेचार मीटर रुंदीचा उंचवटा तयार केला. उंची फार तर दहा सेंटिमीटर. ठरलेल्या वेगात आलात तर गाडी तरंगल्यासारखी जाते, जोरात आलात तर दणका बसतो. आपण बहुतेक ठिकाणी बघतो तो अरुंद, टोकदार वरवंटा म्हणजे याचा बिघडलेला भाऊ. त्यावरून हळू जाणाऱ्यालाही कंबरेत कळ येते, आणि भरधाव जाणाऱ्याचा धक्का कधी कधी गाडीच्या स्प्रिंगाच गिळून टाकतात. भोगतात कोण, तर दुचाकीवाले, रुग्णवाहिकेतला रुग्ण आणि त्या उंचवट्याला लागून घर असणारे, ज्यांना रात्रभर ब्रेक आणि गिअर ऐकावे लागतात.

शिवाय एकटा गतिरोधक फक्त स्वतःपुरता वेग कमी करतो. तो ओलांडला की चालक पुन्हा पाय दाबतो. म्हणून ते ओळीने, ठरावीक अंतरावर घालावे लागतात. शाळेसमोर पदपथाच्या पातळीला उचललेलं क्रॉसिंग बहुधा जास्त कामाचं असतं, कारण तिथे गाडीला माणसांच्या पातळीवर चढून यावं लागतं. बसचा किंवा रुग्णवाहिकेचा मार्ग असेल तर मध्ये फटी ठेवलेले, उशीसारखे उंचवटे बघा. रुंद गाडीची चाकं त्यांच्या दोन बाजूंनी निघून जातात, लहान मोटारीला मात्र चढावंच लागतं. कोपऱ्याची गोलाई कमी करणं, क्रॉसिंगपाशी पदपथ बाहेर काढून रस्ता अरुंद करणं, हेही उपाय आहेत आणि त्यांनी कोणाची पाठ दुखत नाही.

वेग आम्ही कसा मोजणार? यंत्र तर नाही.

टेप, खडू आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. रस्त्याच्या सरळ भागात कडेला बरोबर ५० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना खूण करा. दिव्याचा खांब, फाटक, काहीही चालेल. पुढचं चाक पहिल्या खुणेवर आलं की सुरू, दुसरीवर आलं की बंद. मग १८० ला सेकंदांनी भागा. सहा सेकंद लागले तर ताशी ३० किमी, साडेचार लागले तर ४०, ३.६ लागले तर ५०, तीन लागले तर ६०.

हाताने मोजण्यात चूक होतेच. ३.६ च्या जागी ३.३ किंवा ३.९ सेकंद दाबले गेले तरी वेग ५५ किंवा ४६ निघतो, म्हणून एकेका गाडीच्या आकड्यावर वाद घालू नका. शंभर गाड्या मोजा. शक्यतो दोघं बसा, एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. मोजताना चालकाला दिसू नका, कारण कडेला माणसं वही घेऊन बसलेली दिसली की पाय आपोआप सुटतो. आणि निवडानिवड करू नका. 'ही जोरात येतेय, हिला मोजू' असं केलं की सगळी मोजणी वाया जाते. येईल ती प्रत्येक गाडी, किंवा नियमाने प्रत्येक तिसरी. समोर दुसरी गाडी असल्यामुळे रखडलेली वाहनं वगळलीत तर तसं तक्त्यावर लिहा.

सगळे वेग कमीपासून जास्तीपर्यंत ओळीने लावा आणि शंभरांपैकी ८५व्या गाडीचा वेग बघा. रस्ते अभियंते हा आकडा फार वापरतात. तुमच्या कागदावर सरासरीबरोबर तोही असला की समोरच्याला कळतं की ही नुसती ओरड नाही. उलट बाजूनेही तयार राहा: पुष्कळ ठिकाणी याच आकड्याच्या आधारे 'लोक इतक्या वेगाने चालवतातच, तर मर्यादाही तेवढीच ठेवू' असा युक्तिवाद होतो. मोकळ्या महामार्गासाठी त्यात काही अर्थ असेल. घरांच्या ओळीतून जाणाऱ्या रस्त्यावर मर्यादा ठरवण्याचा हक्क जोरात जाणाऱ्यांना का द्यायचा, हा प्रश्न तिथेच विचारा.

३० काय आणि ४०-५० काय, एवढ्याशा फरकाने काय होतं?

हा प्रश्न सभेत कोणीतरी विचारणारच. उत्तर गणितात आहे. ताशी ३० किमीने जाणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरहून थोडं जास्त अंतर कापते, ५०ने जाणारी जवळपास चौदा. समोर मूल आलं हे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील तर ३०ची गाडी एकूण तेरा मीटरच्या आसपास थांबते. आता तेच मूल तेरा मीटरवर आहे आणि गाडी ५०ने येतेय. तेरा मीटर संपतात तेव्हा चालकाचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाच नसतो. एक गाडी मुलाच्या अलीकडे थांबली, दुसरी पूर्ण वेगाने आदळली.

आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ५०च्या गाडीत ३०च्या गाडीच्या जवळपास पावणेतीन पट ऊर्जा असते. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ हिशेब असा की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. याच संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ वर्षं वयाच्या लोकांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण आजार नसून रस्त्यावरचे अपघात आहेत. जगभरात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं त्यांत जातात.

'वेळ वाया जातो' असं कोणी म्हटलं तर अर्ध्या किलोमीटरचा हिशेब मांडा: ५०ने ३६ सेकंद, ३०ने ६०. फरक चोवीस सेकंदांचा.

आमच्याकडे अजून अपघात झालेला नाही. मग मागणी कशाच्या जोरावर करायची?

'अपघातांची नोंद नाही, सबब उपाययोजनेची आवश्यकता नाही' हे उत्तर कार्यालयांना पाठ असतं. नोंद नसण्याची कारणं अनेक. किरकोळ धडका पोलिसांपर्यंत जात नाहीत. आणि जो रस्ता अति धोकादायक असतो तिथे लोक चालणंच सोडून देतात: म्हातारी माणसं त्या बाजूला फिरकत नाहीत, मुलांना गाडीने सोडलं जातं. मग कागदावर रस्ता सुरक्षित दिसतो, कारण त्यावर माणूसच उरलेला नसतो.

म्हणून थोडक्यात टळलेले प्रसंग लिहून ठेवा. एक वही, रकाने चार: तारीख-वेळ, जागा, काय झालं, कोणी पाहिलं. 'रोजच असं होतं' या वाक्यापेक्षा 'सोमवारी ८.१० वाजता क्रॉसिंगवर सायकलवाल्या मुलीला चुकवताना मोटार पदपथावर चढली' ही एक नोंद जास्त बोलते. शाळेतल्या पालकांना 'तुम्ही मुलाला एकटं का पाठवत नाही' एवढंच विचारून उत्तरं जोडा. हा पुरावा सहसा कोणी गोळाच करत नाही.

वेगमर्यादेचा फलक लावून भागणार नाही का?

एकट्या फलकाने थोडाफार फरक पडतो, फार नाही. रुंद, सरळ, मोकळा रस्ता चालकाला जे सांगतो ते फलकावरच्या आकड्यापेक्षा मोठ्याने सांगतो. फलक जरूर मागा, कारण त्याशिवाय दंड करता येत नाही, पण 'फलक लावला, विषय संपला' यावर समाधान मानू नका.

पार्किंग जाईल म्हणून शेजारीच विरोध करतात. काय करावं?

ही खरी लढाई. नगरपालिका त्या मानाने सोपी. आधी त्यांचं ऐकून घ्या. बहुतेकांची भीती 'सगळं पार्किंग जाणार' अशी मोघम असते. नकाशा पुढे ठेवून नेमक्या किती जागा जातात ते दाखवलं की आवाज खाली येतो.

ज्या जागा जायलाच हव्यात त्या कोपऱ्यालगतच्या. तिथे उभी राहिलेली उंच गाडी म्हणजे भिंत. तिच्यामागून निघालेलं मूल चालकाला शेवटच्या क्षणी दिसतं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात होबोकन नावाचं छोटं, दाटीवाटीचं शहर आहे. तिथे कोपऱ्याजवळच्या जागा खांब, कुंड्या, सायकल स्टँड लावून मोकळ्या केल्या, वेगमर्यादा उतरवली, आणि जानेवारी २०१७ नंतर सात वर्षांहून जास्त काळ शहराच्या रस्त्यांवर एकही मृत्यू झाला नाही. वाद असलाच तर हे उदाहरण सांगा आणि कोपऱ्यांपुरती तडजोड करू नका. बाकी जागांवर करता येते.

दुकानदारांना शेवटी नाही, सुरुवातीला भेटा. माल उतरवायची वेळ आणि जागा त्यांच्याशी बोलून निवेदनातच घातली तर निम्मा विरोध मावळतो.

आमच्या रस्त्यावरून गाड्या हटवल्या तर त्या शेजारच्या गल्लीत घुसणार नाहीत?

काही घुसतात, आणि म्हणूनच एकट्या गल्लीपुरती मागणी करू नये. लगतच्या रस्त्यांवरच्या रहिवाशांना सोबत घेऊन अख्ख्या भागाची मागणी करावी. पण सगळी वाहतूक जशीच्या तशी सरकते हेही खरं नाही. १९९८ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात अनेक देशांमधली रस्ता बंद किंवा अरुंद केल्याची उदाहरणं तपासली, तेव्हा वाहतुकीचा काही भाग कुठेच सापडला नाही. लोकांनी वेळ बदलली, मार्ग बदलला, काही फेऱ्या टाळल्या.

न्यूयॉर्कमधल्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेचं प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. बागेतून गाड्या आधीपासूनच जात होत्या, आणि तिथे मोटारींसाठी आणखी मोठा रस्ता काढायचा बेत होता. शर्ली हेज या तिथल्या एका आईने १९५२पासून सह्या, पत्रं, सभा लावून धरल्या. शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्जही त्यात उतरल्या. लोकांची मागणी चतुर होती: बागेतली वाहतूक आधी प्रयोग म्हणून बंद करून बघा. १९५८मध्ये ती बंद झाली. भोवतालचे रस्ते तुंबतील असा इशारा दिला गेला होता. ते तुंबले नाहीत, आणि मोटारी बागेत परत आल्या नाहीत.

'निधी उपलब्ध नाही' असं उत्तर आलं. पुढे काय?

दोन वाटा. पहिली, स्वस्तातलं काम आधी मागा: रंगाचे पट्टे, प्लॅस्टिकचे खांब, जड कुंड्या. यांनी कोपरा एका रात्रीत अरुंद करता येतो, आणि नाही जमलं तर उचलून नेता येतं. 'सहा महिने प्रायोगिक तत्त्वावर' या शब्दांना सही देताना अधिकाऱ्याचा हात कमी थरथरतो. दुसरी, रस्त्याचं डांबरीकरण कधी आहे ते विचारा. रस्ता नाहीतरी उकरला जाणारच असेल तर त्याच वेळी क्रॉसिंग उचलून घेण्याचा जादा खर्च फार कमी असतो. पुढच्या अंदाजपत्रकासाठी मागण्या कधीपर्यंत घेतात ती तारीख काढा. ती उलटून गेल्यावर दिलेलं उत्तम निवेदनही वर्षभर थांबतं.

वैतागून आम्हीच सिमेंट टाकून गतिरोधक केला तर?

करू नका. रात्री रंग नसलेल्या उंचवट्यावर कोणी दुचाकीवरून पडलं तर जबाबदारी टाकणाऱ्यावर येते, आणि न्याय्य मागणीचे लोक आरोपी होऊन बसतात.

निवेदन दिलं, पण कोणी दखल घेत नाही.

निवेदन देतानाच दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि आवक क्रमांक घेतलात का? नसेल तर पुन्हा द्या आणि घ्या. तोंडी पाठपुराव्याची किंमत शून्य. ठरावीक दिवसांनी त्या क्रमांकाचा उल्लेख करून एक छोटं स्मरणपत्र द्या, त्यात एकच प्रश्न: 'फाइल सध्या कोणाकडे आहे?' माहिती मागण्याचा कायदा असेल तर तो वापरा, पण पहिल्याच आठवड्यात नको. भेटीनंतर 'आज ठरल्याप्रमाणे…' अशी चार ओळींची नोंद पाठवून द्या. अधिकाऱ्याची बदली होते, तुमचा कागद तिथेच राहतो.

सभेत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळाली तर सहा जणांनी तीच गोष्ट सांगू नये. एकाने आकडे, एकाने अनुभव, एकाने मागणी. काठी टेकत रस्ता ओलांडणाऱ्या आजींनी 'हिरवा दिवा मी मध्यावर असतानाच संपतो' एवढं सांगितलं की दुसऱ्या भाषणाची गरज उरत नाही.

अशा मागण्यांनी खरंच कुठे काही बदललं आहे का?

नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून माहीत आहे, पण १९७१ साली तिथे सुमारे ३,३०० माणसं रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले. 'मुलांचे खून थांबवा' असं थेट नाव घेऊन चळवळ उभी राहिली. त्यांनी रस्ते अडवले, धोक्याच्या जागांचे नकाशे केले, पंतप्रधानांपर्यंत गेले. त्याच दशकात डेल्फ्ट शहरातून घरांसमोरच्या अशा रस्त्यांची कल्पना पसरली जिथे गाडीने माणसाच्या चालीने जायचं, आणि १९७६मध्ये तिला कायद्यात जागा मिळाली. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ साली मुख्य रस्ते सोडून सगळीकडे ३०ची मर्यादा आणली. २०२५च्या उन्हाळ्यात फिनलंडची राजधानी हेलसिंकीने जाहीर केलं की मागच्या बारा महिन्यांत शहरात रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. तिथल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३०चीच मर्यादा आहे.

यातलं काहीही एका निवेदनाने झालेलं नाही, आणि काहीही एका वर्षात झालेलं नाही.

काम झालं. आता आमचं काही काम उरलं का?

त्याच जागी, त्याच वेळेला, त्याच पद्धतीने पुन्हा शंभर गाड्या मोजा आणि दोन्ही तक्ते कार्यालयाला द्या. वेग उतरला असेल तर शेजारच्या वस्तीला तो कागद उपयोगी पडेल. उतरला नसेल तर पुढच्या मागणीची सुरुवात तिथूनच करा. पहिल्या मोठ्या पावसात उचललेल्या क्रॉसिंगच्या बाजूला पाणी साचतं का ते बघा. पट्टे झिजून दिसेनासे झाले की कळवा, आणि काम करणाऱ्या अभियंत्याला एक आभाराचं पत्र पाठवा. वरिष्ठांना प्रत टाकून.